घरगुती मत्स्यालयासाठी सिक्लिड माशांची निवड : पांढुर्णा-सौंसर भागातील पाण्याच्या संदर्भात

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांतील गावांत, शिक्षकांच्या घरी, दुकानांत व काही शाळांत काचेच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. नागपूरची बाजारपेठ जवळ असल्यामुळे टाकी, हवेचा पंप व मासे एकाच फेरीत आणता येतात. मात्र अशा टाक्यांपैकी बऱ्याच टाक्या काही महिन्यांतच रिकाम्या होऊन माळ्यावर जातात. "आमच्याकडचे पाणी माशांना मानवत नाही," असे त्याचे कारण सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे कारण अर्धेच खरे आहे. पाणी बदलता येत नाही हे मान्य केले, तरी त्या पाण्याला मानवणारा मासा निवडणे आपल्या हाती असते. सिक्लिड कुलातील माशांच्या बाबतीत या निवडीला विशेष महत्त्व आहे, म्हणून त्यांचाच विचार येथे केला आहे.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे

सिक्लिड हे नाव अपरिचित वाटले तरी या कुलातील एक मासा आपल्यापैकी पुष्कळांनी बाजारात पाहिलेला आहे. भीमा नदीवरील उजनी जलाशयाच्या परिसरात ज्याला 'चिलापी' म्हणतात तो तिलापिया मासा सिक्लिडच होय. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे एंजल, डिस्कस, ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न हेही याच कुलातील आहेत. या कुलात सतराशेहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. त्यांतील बहुसंख्य जाती आफ्रिकेतील सरोवरांत व नद्यांत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत आढळतात. भारतातील मूळच्या जाती मात्र तीनच, आणि त्या तिन्ही दक्षिणेकडील आहेत. त्यांपैकी गोव्यात व कोकणात काळुंदर आणि केरळात करीमीन म्हणून आवडीने खाल्ला जाणारा मासा सर्वांत प्रसिद्ध आहे. शास्त्रीय नावात 'सुराटेन्सिस', म्हणजे सुरतेचा, असा उल्लेख असला तरी त्याचे खरे घर दक्षिणेकडील खाड्या व खाजणे हेच आहे.

सिक्लिड मासे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बहुतेक माशांच्या मुखाच्या प्रत्येक बाजूस नाकपुडीची दोन छिद्रे असतात, तर सिक्लिडांना प्रत्येक बाजूस सामान्यतः एकच छिद्र असते. परंतु या माशांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या वागणुकीत आहे. रोहू किंवा कतला अंडी सोडून निघून जातात. सिक्लिड मासे अंड्यांची व पिलांची राखण करतात. काही जातींत दोघे पालक मिळून पहारा देतात, तर काहींत मादी अंडी तोंडात धरून ठेवते व त्या काळात बहुधा काही खात नाही. शाळेतील मत्स्यालयात मुलांना दाखविण्यासारखे याहून चांगले दृश्य क्वचितच मिळेल. पण राखण करणारा मासा जागेसाठी भांडतोही. लहान टाकीत दुबळ्या माशाला पळून जाण्यास जागा नसते, हे निवड करताना ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्या भागातील पाणी

पांढुर्णा व सौंसर तालुक्यांचा बराच भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. संत्र्याच्या बागा व कपाशी ज्या काळ्या जमिनीत येतात ती याच खडकापासून बनलेली आहे. सौंसरकडे त्याहून फार जुने खडक उघडे पडलेले आहेत. मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेल्या या खडकांना भूगर्भशास्त्रात 'सौंसर समूह' असेच नाव आहे व त्यांत चुना आणि मॅग्नेशियम असलेल्या संगमरवराचे थर आहेत. अशा खडकांतून झिरपलेले विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी बहुधा जड, म्हणजे दुष्फेन असते आणि त्याचा सामू ७ पेक्षा वर, अनेकदा ८ च्या आसपास असतो.

ही गोष्ट घरच्या घरी तपासता येते. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी व दुसरीत विहिरीचे तितकेच पाणी घ्यावे. दोन्हींत साबणाच्या द्रावाचे सारखेच थेंब टाकून बाटल्या हलवाव्यात. पावसाच्या पाण्यात लगेच भरपूर फेस येतो, जड पाण्यात चोथा तरंगतो. पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल तर हा प्रयोग करण्याचीही गरज नाही. शिक्षकांनी मात्र तो वर्गात अवश्य करून दाखवावा.

जड पाणी माशांना वाईट असते, हा समज चुकीचा आहे. पूर्व आफ्रिकेतील टांगानिका व मलावी या सरोवरांचे पाणी क्षारयुक्त व अल्कधर्मी आहे आणि तेथे शेकडो जातींचे सिक्लिड सुखाने राहतात. उलट, ॲमेझॉन नदीच्या काही उपनद्यांचे पाणी पावसाच्या पाण्यासारखे मऊ व आम्लधर्मी असते. तेथून आलेला मासा आपल्या विहिरीच्या पाण्यात कोमेजतो. दुकानात सामू उतरविणारी औषधे मिळतात. ती न घेणे उत्तम. जड पाण्यातील बायकार्बोनेट आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे सामू संध्याकाळी उतरतो व थोड्याच काळात पुन्हा चढतो. माशाला स्थिर ८ सामू सोसतो, रोजची ही चढउतार सोसत नाही.

अमोनियाचा धोका मात्र आपल्या पाण्यात खरोखरच अधिक असतो. माशांच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून, तसेच कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. त्याचा एक अंश विषारी रूपात व उरलेला बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस व सामू ७ असताना विषारी अंश शेकड्याला एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तोच शेकड्याला पाचाच्या वर जातो व तापमान ३० अंशांवर गेले की सात-साडेसातपर्यंत पोचतो. म्हणजे मऊ पाण्यात जो गलथानपणा खपून जातो, तोच पांढुर्ण्याच्या पाण्यात माशाच्या जिवावर बेततो. नव्या टाकीत पहिल्या तीन आठवड्यांतच मासे का मरतात, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे धीर धरणे. अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत व वाळूवर वाढावे लागतात. त्याला सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. कोणाच्या जुन्या व निरोगी टाकीतील गाळणीचा स्पंज किंवा मूठभर वाळू मिळाल्यास हा काळ कमी होतो. तोवर माशांशिवाय टाकी चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. गाळणीचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात कधीही धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्यावा.

उन्हाळा व वीज

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. पत्र्याच्या छपराखालील खोलीत टाकीतील पाणी ३३-३४ अंशांपर्यंत सहज तापते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. अशा वेळी दुपारी वीज गेली व पंप बंद पडला, तर टाकीत जितके मासे कमी तितके ते वाचण्याची शक्यता अधिक. म्हणून टाकीची क्षमता जानेवारीतील नव्हे, तर मे महिन्यातील दुपार डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी.

टाकी उत्तरेच्या भिंतीलगत, जमिनीपासून फार उंच नाही अशा ठिकाणी ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ दिल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण येथेही आहे. बर्फ सरळ पाण्यात टाकू नये. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा छोटा पंप वापरावा, नाही तर पेल्याने टाकीतील पाणी थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा ५० लिटरच्या टाकीस ५० वॅटचा तापक पुरतो.

टाकीचे माप व माशाचे वय

बाजारात सर्वांत अधिक खपणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी असते. तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर उरते. या लेखात लहान टाकी म्हणताना हेच माप गृहीत धरले आहे.

दुकानातील मासा हा बहुधा पिलू असतो, हे खरेदी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. याबाबत एक अनुभव सांगणे अवश्य वाटते. काही वर्षांपूर्वी या भागातील एका शाळेने मत्स्यालय उभारले व कोणते मासे आणावेत याविषयी प्रस्तुत लेखकाला विचारले. दुकानात दोन इंचांचे ऑस्कर होते. अंगावर केशरी नक्षी, माणसाकडे ओळखीने पाहणारे डोळे. मुलांना ते आवडतील, एवढाच विचार करून लेखकाने होकार दिला. मासे खरोखरच माणसाळले व मुलांच्या हातून खाऊ लागले. वर्षभरात ते वीतभर झाले. टाकीत त्यांना वळता येईना, पाणी दोन दिवसांत गढूळ होई, आणि त्यांतील एकाच्या डोक्यावर खड्डे पडू लागले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे काय करावे हा प्रश्न आला, तेव्हा "नदीत सोडून देऊ का, साहेब?" असे त्या गुरुजींनी विचारले. त्या प्रश्नामागे दयाच होती. पुढे मोठी टाकी असलेल्या एका गृहस्थांनी ते मासे नेले. तोवर एक मेला होता. चूक शाळेची नव्हती. ऑस्कर पूर्ण वाढीनंतर फूटभर होतो व दहा-बारा वर्षे जगतो, हे सांगण्याचे काम ज्याचे होते त्याने ते सांगितले नव्हते.

कोणते मासे घेऊ नयेत

ऑस्करबद्दल वर आलेच आहे. फ्लॉवरहॉर्न हा नैसर्गिक मासा नसून १९९० च्या दशकात मलेशियात संकराने तयार केलेला आहे. त्याच्या कपाळावरील गोळ्यामुळे घरात भरभराट येते अशी समजूत पसरली आहे व त्यामुळे त्याला अवाजवी किंमत येते. तोही फूटभर होतो व सोबतीला दुसरा मासा राहू देत नाही. डिस्कस व रॅम हे सुंदर, पण मऊ व उबदार पाण्याचे मासे आहेत. आपल्या विहिरीच्या पाण्यात ते टिकविण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये. मलावी सरोवरातील निळे-पिवळे सिक्लिड जड पाण्याला अगदी योग्य, परंतु भांडखोर. ते चार फुटांच्या टाकीत बऱ्याच संख्येने व भरपूर दगडांत ठेवले तर त्यांचे भांडण विभागले जाते. दोन फुटांच्या टाकीत शेवटी एकच उरतो.

एंजल मासा मधल्या वर्गातील आहे. मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातील असला तरी पिढ्यान्‌पिढ्या मत्स्यालयांत पैदास झाल्यामुळे तो मध्यम जड पाणी सोसतो. अडचण टाकीच्या उंचीची आहे. पूर्ण वाढलेल्या एंजलची वरच्या परापासून खालच्या परापर्यंतची उंची वीतभर किंवा अधिक होते. टाकी दीड फूट उंच असेल तरच त्याची एक जोडी ठेवावी व तिच्याबरोबर गप्पीसारखे बारीक मासे ठेवू नयेत, कारण ती त्यांना खाते.

कोणते मासे घ्यावेत

आपल्याच देशातील केशरी क्रोमाइड या माशास प्रस्तुत लेखक पहिली पसंती देईल. केरळात त्याला पल्लत्ति म्हणतात. दक्षिण भारत व श्रीलंकेच्या किनारी भागातील गोड्या व मचूळ पाण्यात तो राहतो. त्याची लांबी साधारणपणे आठ सेंटिमीटरपर्यंत होते. रंग हळदीसारखा, कुशीवर एक गडद ठिपका व अंगावर बारीक तांबूस बुंदके. अल्कधर्मी जड पाणी त्याला मानवते आणि दक्षिणेतील उष्मा त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. मऊ पाण्यातच तो आजारी पडतो, म्हणजे आपल्या पाण्याचा जो दोष सांगितला जातो तो येथे गुण ठरतो. पिले आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव टिपून खातात, हे दृश्य तासन्‌तास पाहण्यासारखे असते. दोन फुटांच्या टाकीत एकच जोडी ठेवावी. अडीच फूट लांब व सव्वा फूट रुंद-उंच, म्हणजे सुमारे ११० लिटरची टाकी असल्यास पाचजणांचा गट ठेवता येतो. हा मासा दुकानात नेहमी नसतो, पण दुकानदारास आधी सांगितल्यास मागविता येतो. विदेशी मासा नसल्याने 'तो कोण घेणार' असे उत्तर मिळाले तर निराश होऊ नये.

दुसरा मासा क्रिबेन्सिस. हा पश्चिम आफ्रिकेतील, मुख्यतः नायजेरियातील. नर आठ-दहा सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान व विणीच्या काळात तिचे पोट जांभळ्या-लाल रंगाने भरून येते. रानातला क्रिबेन्सिस मऊ पाण्यातील असला तरी बाजारातील पैदाशीचा मासा मध्यम जड पाणी सोसतो. पाणी फारच जड असेल तर मात्र क्रोमाइडच घ्यावा. नारळाची अर्धी करवंटी कडेला छिद्र पाडून वाळूवर पालथी ठेवली की जोडी तिच्यात अंडी घालते. या माशाच्या पिलांत नर किती व माद्या किती निघतील हे पाण्याच्या सामूवरही अवलंबून असते. आम्लधर्मी पाण्यात नर अधिक निघतात. विज्ञानाच्या शिक्षकांना यातून एक चांगला पाठ मिळू शकेल.

कॉन्व्हिक्ट हा मध्य अमेरिकेतील मासा अंगावरील कैद्याच्या कपड्यासारख्या पट्ट्यांमुळे या नावाने ओळखला जातो. तो काटक, जड पाण्यात रमणारा व स्वस्त आहे. पण एका जोडीपासून एका विणीत शेकडो पिले होऊ शकतात व दीड-दोन महिन्यांनी पुन्हा वीण होते. पिलांची सोय आधी ठरविली नसेल तर एकच मासा ठेवावा, जोडी नको.

टांगानिका सरोवरातील शंखवासी सिक्लिडांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हे जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचे मासे गोगलगाईच्या रिकाम्या कवचात संसार करतात. उकळून स्वच्छ केलेली दहा-पंधरा कवचे वाळूवर पसरली की त्यांची वस्ती वसते. जड पाणी त्यांना फार मानवते, परंतु पाणी ३० अंशांच्या वर गेलेले मानवत नाही. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात खोली गार राहते त्यांनीच हा प्रयोग करावा.

जोडी ठेवावी असे वर म्हटले आहे, पण दुकानात नर-मादी ओळखणे नेहमी सोपे नसते. पाच-सहा पिले एकत्र वाढवून त्यांतून आपोआप जुळलेली जोडी ठेवणे व उरलेली दुकानदारास परत करणे, हा चांगला मार्ग होय. मात्र ती परत घेण्याचे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्यावे. मासा निवडताना त्याने आपल्यासमोर खाद्य खाल्ले पाहिजे, पोट आत गेलेले नसावे, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी नसावी व श्वासाची गती सोबत्यांपेक्षा जलद नसावी.

रोजची निगा

दर आठवड्यास टाकीतील चौथा भाग पाणी बदलावे. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मुरमुरे, पोळीचा चुरा व कणीक देऊ नये.

संत्र्याच्या व कपाशीच्या या भागात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतात. फवारणी करून आलेल्या व्यक्तीने टाकीत हात घालू नये व फवारणीसाठी वापरलेली बादली कितीही धुतली तरी टाकीसाठी वापरू नये. डासांसाठी घरात मारावयाच्या फवाऱ्यांतही बहुधा याच वर्गातील द्रव्ये असतात. फवाऱ्याच्या वेळी टाकी झाकून हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवावा, कारण पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडत असतो.

नको असलेल्या माशांचे काय करावे

गुरुजींच्या त्या प्रश्नाकडे आता वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या जाम नदीच्या पात्रावर पांढुर्ण्याची गोटमार होते, ती नदी कन्हानला मिळते. कन्हानचे पाणी वैनगंगेत व पुढे गोदावरीत जाते. जाममध्ये सोडलेल्या माशास तालुक्याची सीमा नसते.

याचे उदाहरण चिलापीच्या रूपाने आपल्यासमोर आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, तो स्वस्त अन्न म्हणून, सद्‌हेतूनेच. तो लवकर वयात येतो, वारंवार विणतो व अंडी तोंडात सांभाळतो. त्यामुळे तलावांत त्याची खुरटी दाटी होऊन इतर मासे मागे पडू लागले व १९५९ मध्येच त्याच्या प्रसारास मनाई करण्यात आली. तोवर तो पसरला होता. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज चिलापी किती येते हे तेथील बाजारात जाऊन कोणीही पाहावे. आज तिलापियाचे संवर्धन करावयाचे झाल्यास शासनाची परवानगी घ्यावी लागते. मत्स्यालयांत काच चाटणारा 'सकर' मासाही देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. तो तेथे आपणहून गेलेला नाही.

कॉन्व्हिक्टसारखा काटक सिक्लिड जड व उबदार पाण्याच्या आपल्या तलावात रुजण्याचा धोका दुर्लक्षिण्यासारखा नाही. म्हणून नको असलेला मासा नदी, नाला, विहीर किंवा गावतलाव यांपैकी कोठेही सोडू नये. विसर्जनाच्या दिवशी पुण्य म्हणूनही सोडू नये. तो दुकानदारास परत द्यावा, दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा अथवा जवळच्या मत्स्यविभागाच्या कार्यालयात विचारावे. मेलेला मासा जमिनीत पुरावा. टाकीतील बदललेले पाणी संत्र्याच्या झाडास घालावे. त्यातील नायट्रेट झाडाला उपयोगी पडते, आणि त्या पाण्यात चुकून एखादे पिलू गेले तरी ते नदीपर्यंत पोचत नाही.